टोचत नाही ना?

चाळीस वर्षं शिवणकामात गावभरच्या बायकांची मापं घेतली. माझं माप घ्यायला कधी कुणी आलं नाही. आज डोंगराच्या कड्यावर पॅराग्लायडिंगच्या पायलटनं माझे पट्टे आवळले आणि मला स्वतःपुढे अडकवून बजावलं, "मावशी, पळत राहायचं. मध्येच बसायचं नाही." चार पावलं पळाले आणि मटकन बसले. मागची छत्री कोसळली. त्यानं मला उठवलं, खांद्यापासून मांडीपर्यंत एकेक पट्टा पुन्हा तपासला. "टोचत नाही ना?" आमचे हे गेल्यापासून असं विचारणारं कुणी उरलं नव्हतं. दुसऱ्यांदाही बसले. रांगेतली मंडळी हसली. तो मात्र गुडघे टेकून परत पट्टे बांधू लागला. "घाबरू नका, नवखी माणसं बसतातच." तिसऱ्यांदा पळतच राहिले. जमीन सुटली. "बघा, जमलं की नाही?" तो मागून ओरडला. पळत राहायचं, हे मला पहिल्याच वेळी कळलं होतं.