रेडॉनची डबी

ऋतानं सासूच्या खोलीत एक छोटी डबी टांगली. "आई, जमिनीतून रेडॉन नावाचा गॅस घरात येते. वास नाही येत, पण त्यानं फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकते. किती आहे ते या डबीतून कळते."

कुमुदताईंना काही पटलं नाही. वास नाही, अन् म्हणे गॅस! मी नागपूरच्या पोरीशी काय बोलते, ते ऐकाले लावली असन. त्यांनी डबी गुपचूप मुला-सुनेच्या पलंगाखाली सरकवली आणि तपासायला न्यायच्या दिवशी परत जागेवर टांगली.

रिपोर्ट पाहून मुलगा घाबरला. "आई, तुझ्या खोलीत लय गॅस निघाला! फरशी दुरुस्त होईपर्यंत तू आमच्या खोलीत झोप."



कुमुदताईंनी उशी छातीशी धरली. "ऋता, अजून एक डबी भेटन का वं?"