ओट्यावरचं केळं

बेबाबाईला इन्सुलिन टोचायला रोज सकाळी दोंडाईच्याहून मोहिनी सिस्टर यायची. सुई टोचून झाली की बेबाबाईचा नवरा निंबा तिला बाहेर ओट्यावर बसवायचा आणि पिशवीतून हळूच एक केळं काढायचा. मग दोघांची कुजबुज चालायची. शुगर निघाल्यापासून या माणसाने बायकोला केळ्याचं साल हुंगू दिलं नव्हतं, आणि परक्या पोरीला मात्र केळी चारत होता! बेबाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एक दिवस पदर खोचून ती ओट्यावर आलीच. केळं न सोललेलंच होतं. निंबाच्या हातात सुई होती आणि मोहिनीने त्याचं मनगट धरलं होतं.

"आबा, किती थरथरता! केळं आहे ते, रडणार नाही."

"ते रडाव नही," निंबा म्हणाला, "पन ती रडनी त?"

बेबाबाई आल्या पावली आत गेली. दुसऱ्या दिवशी मोहिनीची स्कूटी थांबताच ती दारात आडवी उभी राहिली.

"आतेपासून तू येऊ नको, बाई. सुई टोचाले मना घरधनी शे. अन् त्यास्ना हात धराले मी शे."