बिनसाखरेचे लाडू

गावातल्या पुरुषांची तब्येत सुधारायचीच असं बचत गटानं ठरवलं आणि घरोघरी नाचणी अन् शेवग्याच्या पाल्याचे बिनसाखरेचे लाडू वळले जाऊ लागले. मदनअण्णांची तर सुटकाच नव्हती, कारण गटाची अध्यक्ष त्यांचीच बायको, गुणमाला. पहाटे धार काढायला निघाले की ती चार लाडू त्यांच्या हातावर ठेवायची. पहिल्या दिवशी अण्णांनी एक चावून बघितला आणि उरलेले तीन मुकाट्यानं म्हशीपुढं टाकले. तिनं ते मिटक्या मारत खाल्ले. दुसऱ्या दिवसापासून चारही तिचेच झाले.

"आवं, खाल्लं का लाडू?" गुणमाला दारातून विचारायची.

"व्हय, लय झ्याक हुतं!" अण्णा उगाच तोंड पुसत सांगायचे.

महिनाभरानं एका सकाळी गुणमालाही त्यांच्यासोबत डेअरीवर आली. सेक्रेटरीनं अण्णांचं दूध तपासलं आणि तो चकितच झाला. "अण्णा, फॅट लय वाढलीया! म्हशीला चारताय तरी काय?"

गुणमालानं नवऱ्याकडं रोखून बघितलं. अण्णा घाईघाईनं किटलीचं झाकण लावू लागले. "काय न्हाई, नेहमीचीच वैरण," ते पुटपुटले.

"आवं, तुमच्या एकट्याच्या म्हशीचं न्हाई," सेक्रेटरी डोकं खाजवत म्हणाला. "महिन्याभरात सगळ्या गावाची फॅट वाढलीया!"

अण्णांनी हळूच मागं वळून बघितलं. दुधाच्या किटल्या घेऊन उभा असलेला रांगेतला एकूण एक बाप्या मान खाली घालून स्वतःच्या चपला न्याहाळत होता.