चिंतूच्या वाट्या

भारतातल्या समुद्री पवनचक्क्यांचा इतिहास लिहिला जाईल, तेव्हा त्याचं पहिलं प्रकरण मदन महाल वस्तीतल्या आमच्या गच्चीवर सुरू होईल. जबलपूरला समुद्र नाही, एवढीच काय ती अडचण.

माझा मेव्हणा चिंतामणी गुजरातच्या किनाऱ्यापुढे बोटीतून वारा मोजायचा. पवनचक्क्या कुठे चालतील ते ठरवायला. मोडीत निघालेलं एक यंत्र, दांड्यावर फिरणाऱ्या तीन वाट्या, त्यानं हौसेनं आमच्या गच्चीत बसवलं होतं. संध्याकाळी बोटीतून फोन यायचा, "भाऊजी, तुमचा समुद्र काय म्हणून राहिला?"

"झोपला आहे जी," मी सांगायचो.

मागच्या वर्षी त्याची बोट परतली नाही. त्याच्या बहिणीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, इंदूनं, फोटोला हार घालू दिला नाही.

काल भर दुपारी ती गच्चीत चादरीवर कुरडया घालत होती. कडुलिंबाचं पानही हलत नव्हतं. वाट्या मात्र गरगर फिरायला लागल्या.

मग दांड्याखालची फरशी ओली झाली. मी बोट लावून चाखलं. खारट होतं. ओल चादरीकडे पसरत होती.

इंदूनं सोऱ्या खाली ठेवला नाही. दांड्याकडे बघून म्हणाली, "चिंतू, जरा तिकडे सरक ना रे. कुरडया भिजून राहिल्या."