थंड डोक्याची थप्पड

महाविद्यालयाच्या चौकशी समितीत कुमुदताई सर्वांत वयस्कर. मारणाऱ्याच्या मनातलं टिपणाऱ्या मनगटी यंत्राचा अहवाल त्यांनी पुन्हा वाचला. शार्दूलनं मैत्रिणीला, रेवतीला, थोबाडीत मारली तेव्हा राग शून्य. हेतू, धाक बसवणे. रेवतीनं उलट मारली तेव्हा राग नव्वद, हेतू, सुटका.

“नियमात गुन्हा फक्त रागाचा, ताई,” प्राचार्य म्हणाले. “मुलीला काढावंच लागेल. तुमच्या सहीवाचून अडलंय.”

“आणि हा?” कुमुदताईंनी समोर उभ्या शार्दूलकडे बोट केलं.

“तो संयमी ठरतो.”

वसतिगृहात चाळीस वर्षं कुमुदताईंनी पोरींचे सुजलेले गाल शेकले होते. पण तेव्हाची मारणारी पोरं निदान मान खाली घालत. शार्दूल मात्र हसत पाया पडायला वाकला.

“शिवू नकोस मला,” म्हणत त्यांनी पाय खुर्चीखाली ओढले आणि सही न करताच पेनाला टोपण लावलं.