एकच स्टूल

"घ्या ताई, बसा. तुमच्या वयाकडे बघून दिलंय," असं म्हणत मालकांनी स्टूल पडद्यांच्या काउंटरमागे सरकवलं आणि ते गल्ल्यावर जाऊन बसले.

ताई त्या स्टुलाकडे बघत राहिल्या. कापडाच्या या दुकानात बायकांनी दिवसभर उभंच राहायचं, अशी रीत. सगळ्यांना बसायला मिळावं म्हणून ताईंनी किती महिने एकेकीची मनधरणी केली होती. आपण सगळ्या मिळून मालकांकडे जाऊ, एवढंच त्यांचं मागणं. चादरींच्या काउंटरवरची चादरवाली म्हणाली, नवरा घरी बसून आहे, मला नोकरी जपायला हवी. टॉवेलवाली हसली. गुडघे ताईंचे दुखतात नि गाऱ्हाणं आम्ही घालायचं होय! शेवटी ताई एकट्याच गेल्या आणि हे एक स्टूल पदरात पडलं.

आता पुरे, त्यांनी मनाशी म्हटलं. देवाने एवढं दिलंय ते घ्यावं. बाकीच्यांचं बाकीच्या बघतील.

पण टेकणार तोच गिऱ्हाईक आलं. त्याचा रंग ठरतोय न ठरतोय तोवर दुसरं. एका बाईंनी तर सगळे तागे उलगडायला लावले आणि नवऱ्याला विचारून येते म्हणाल्या. डबासुद्धा ताईंनी उभ्या उभ्याच उरकला. पाय भरून आले. स्टूल पाठीशी होतं तसंच.

संध्याकाळी गर्दी ओसरली. ताईंनी सुस्कारा टाकून स्टूल ओढायला हात घातला, तेवढ्यात चादरवाली आपलं काउंटर सोडून थेट मालकांसमोर जाऊन उभी राहिली. तिच्यामागे टॉवेलवाली, मग उरलेल्या सगळ्या.

"ताई सकाळपासून टेकल्यासुद्धा नाहीत," चादरवाली म्हणाली. "आमच्यासाठी. आम्ही बघत होतो ना. आता सगळ्यांना स्टूल द्या, नाहीतर तेही परत न्या."

मालकांनी चष्मा काढला. "काय हो ताई, असं आहे का?"

ताईंनी बायकांकडे पाहिलं. टॉवेलवालीचे डोळे भरले होते. ताईंनी हात हळूच मागे घेतला.

"सगळ्यांना स्टुलं आली की बसेन," त्या म्हणाल्या. आणि बोलून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, म्हणजे आता उद्याही उभंच राहायचं.