अडतीस डेसिबल

"अडतीस," रेने म्हणाली.

"काय अडतीस?"

"डेसिबल. तुझ्या झोपायच्या खोलीत. विमानतळाकडून नव्या खिडक्या मिळायला पंचेचाळीसच्या वर हवेत."

पलंगाच्या कडेला बसलेली फिलोमेना अरूडा ताडकन उठली. "आधी यंत्र नीट आहे का बघ. नाहीतर माझे कान लाव त्याला!"

बाहेर खाडीवरचं धुकं पायरीपर्यंत चढलं होतं. हिरवळीवर मोठा कर्णा ठेवून रेनेची माणसं विमानाचा आवाज वाजवत होती आणि आतलं यंत्र तो मोजत होतं. धुक्यात कर्णा दिसत नव्हता, माणसं दिसत नव्हती. न दिसणारं एक विमान अंगणात येऊन उभं राहिलंय आणि निघायचंच विसरलंय, असं वाटत होतं. शेजारपाजारचे हातात कॉफी घेऊन दारात आले होते. त्यांची घरं पास झाली होती, कुणाचं एकोणपन्नासला, कुणाचं एक्कावन्नला. फिलोमेनाचं स्वयंपाकघरसुद्धा बावन्नला पास झालं होतं.

"मग मी काय आता चुलीपाशी झोपू?" ती म्हणाली.

रेने विमानतळाच्या आवाज-कचेरीची प्रमुख. गेली नऊ वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी संध्याकाळी गोलमेज बैठक भरायची. एका बाजूला खाडीकाठच्या वस्त्या, दुसऱ्या बाजूला विमानतळ, आणि मध्ये वॉशिंग्टनहून आलेला सरकारचा एक गप्प माणूस. फिलोमेना वस्त्यांच्या बाजूने बोलायची, रेने विमानतळाच्या. भांडून भांडून दोघींची मैत्री झाली. दोघींनी मिळून वॉशिंग्टनला इतके कागद पाठवले, की शेवटी सरकारने निम्मी विमानं पाण्यावरून वळवली. आणि खिडक्यांचा नियम? "अंदाजाने कुणाला काही देऊ नका, घर मोजा आणि मग बोला," असं टेबलावर हात आपटून सांगणारी फिलोमेनाच होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आता बोलणार कुणाला?

पण झोप खरंच नव्हती हो. सुरुवातीची वर्षं विमानांनी तिला छळलं होतं. मग हळूहळू डोळा लागायला लागला. त्याचं श्रेय तिने बैठकीला दिलं आणि रेनेला घरचा गोड पाव नेऊन दिला. दोन वर्षांपूर्वी झोप पुन्हा गेली, ती आलीच नाही. चर्चमध्ये उभ्या उभ्या तिचा तोल जायचा. एकदा सूप गॅसवर विसरून पातेलं कोळसा झालं. पुढच्या वेळी घरच पेटेल, ही भीती तिने कुणाला सांगितली नव्हती.

"गिल गेला आणि विमानं खाली उतरली," ती दर बैठकीत सांगायची. रेने दर वेळी रडारची नोंद काढून दाखवायची. विमानं एक फूटभरही खाली आली नव्हती.

"तुझे कागद झोपतात गं," फिलोमेना म्हणायची, "मी नाही झोपत."

गिल तिचा नवरा, होड्या बांधणारा सुतार, दोन वर्षांपूर्वी वारलेला. तो बैठकीला एकदाही आला नाही. "तू जा, भांड. मी घर बघतो," एवढंच म्हणायचा. ती तावातावाने परत यायची, तर हा केसांत भुसा घेऊन स्वयंपाकघरात आरामात पाव खात बसलेला. सगळ्या गल्लीचे नवरे बैठकीत तिच्या बाजूने हात वर करायचे, हिचा सोडून. हे तिने त्याला शेवटपर्यंत माफ केलं नव्हतं.

रेनेने बोटाने भिंत ठोकली. आवाज घुमला नाही, जिथल्या तिथे विरला. तिने पुन्हा ठोकली. मग दिव्याच्या बटणाची पट्टी उघडून आत टॉर्च मारला आणि कपाट सरकवून मागची एक फळी हलकेच काढली.

"फिलोमेना, इकडे ये."

आत लोकर होती, ठासून भरलेली. तिच्यावर शिडाचं जाड कापड, मग फळ्या, मग पुन्हा लोकर. चारही बाजूंनी खोलीच्या आत दुसरी खोली बांधली होती. काढलेल्या फळीच्या पाठीवर सुताराच्या पेन्सिलीने तारखा लिहिल्या होत्या, एकीखाली एक.

रेने त्या वाचत गेली. "या आपल्या बैठकीच्या तारखा आहेत गं. सगळे पहिले बुधवार. शेवटची चार वर्षांपूर्वीची."

फिलोमेना खाली बसली. खोली लहान लहान का वाटते, असं तिने एकदा त्याला विचारलं होतं. "तू जाड झालीस," गिल म्हणाला होता. तिला हसू आलं, आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. मेल्याने एका शब्दाने सांगितलं नाही.

बाहेरचा कर्णा थांबला. त्याच वेळी खाडीवरून खरं विमान आलं. दोघींनी वर पाहिलं. शेजारच्या घरांची तावदानं थरथरली. या खोलीत नुसती एक गुणगुण आली आणि धुक्यात निघून गेली. किती शांत होती ती खोली!

रेनेने कागद गुडघ्यावर घेतला. पेन उचललं, पुन्हा ठेवलं.

"फिलोमेना, ही खोली चार वर्षं अशीच आहे. मग दोन वर्षं तुझी झोप कशाने उडालीय? मला कारण लिहावं लागेल."

फिलोमेना पलंगाच्या पलीकडच्या बाजूला बघत राहिली. तिथल्या चादरीवर एक सुरकुती नव्हती.

"घोरायचा तो," ती म्हणाली.